उभी बाटली, आडवी बाटली

काही वर्षांपूर्वीपर्यंत नागपूरहून नाशिकला जायचं म्हणजे रात्रभर ट्रेन, साइड अप्पर बर्थ आणि नाशिकरोडला डोळे चोळत उतरणं. समृद्धी महामार्गाने हे बदललं. ११ डिसेंबर २०२२ ला नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा सुरू झाला आणि ५ जून २०२५ पासून सगळा ७०१ किलोमीटरचा रस्ता खुला आहे. नंदनवनमधून पहाटे पाचला निघायचं, शिवमडक्याला समृद्धीवर चढायचं, सिन्नरजवळ उतरायचं आणि दुपारचं जेवण नाशिकला. त्यामुळे आजवर जी चैन मुंबई-पुण्याच्या ऑफिसवाल्यांची होती, ती 'विनयार्ड ट्रिप' आता पूर्व नागपुरातल्या व्हॉट्सॲप ग्रुपवरही ठरायला लागली आहे.

आमच्या ग्रुपवर ती दोन दिवसांत ठरली. आम्ही पाच जण, सगळे एकाच बॅचचे इंजिनिअर. कधी जायचं, हा प्रश्न सोपा होता. नाशिकला वेलींची वर्षातून दोनदा छाटणी होते. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी आणि पावसाळा सरताना गोडी छाटणी. फळ या दुसऱ्या छाटणीनंतर येतं आणि वाइनच्या द्राक्षांची काढणी साधारण जानेवारी ते मार्च चालते. म्हणजे फेब्रुवारी. कुठे जायचं, तर एक दिवस गंगापूर धरणाच्या बाजूला, एक दिवस दिंडोरीकडे. राहायचं कुठे, पैसे किती, सगळं स्प्रेडशीटमध्ये बसलं. अडलं एका ओळीवर: घरी काय सांगायचं?

एकाने लगेच उत्तर दिलं. "शिर्डी-त्र्यंबकेश्वर सांगू. रस्त्यातच तर आहे." दुसरा म्हणाला, "काऊन बे, वाइन म्हणजे दारू थोडीच आहे? सरळ वाइन सांग ना मंग." त्यावर तिसरा, "हाव, तू सांगून पाह्य आधी."

सगळ्यांनी हसण्याच्या इमोजी टाकल्या आणि विषय हॉटेलच्या फोटोंवर गेला. माझ्या डोक्यातून मात्र तो गेला नाही. कारण या दोन उत्तरांमध्ये आपला अख्खा समाज दारूबद्दल ज्या दोन पळवाटा वापरतो त्या दोन्ही आल्या होत्या. एक, खोटं बोला. दोन, गोष्टीचं नाव बदला. पहिली पळवाट निदान आपण खोटं बोलतोय हे मान्य करते. दुसरी जास्त फसवी आहे, कारण ती वापरणाऱ्याला आपण खरं बोललो असंच वाटत राहतं.

*

नाव बदलण्याचं काम सगळ्यात मोठ्या प्रमाणावर कोण करतं? सरकार.

संविधानाच्या ४७व्या अनुच्छेदात राज्याने आरोग्याला घातक मादक पेयांवर बंदी आणण्यासाठी प्रयत्न करावा असं मार्गदर्शक तत्त्व आहे. आपल्या राज्यातला दारूचा मूळ कायदा १९४९ चा आणि त्याचं नावच दारूबंदीचं आहे. म्हणजे कागदोपत्री महाराष्ट्रात आजही दारू पिण्यासाठी परवाना लागतो, एका दिवसाचा, वर्षाचा किंवा आयुष्यभराचा. आमच्या भाषेत सांगायचं तर सिस्टीमचं डिफॉल्ट 'नाही' असं आहे आणि परवाना हा अपवाद. प्रत्यक्षात काय चालतं ते कुठल्याही शहरातल्या कुठल्याही चौकात संध्याकाळी सातला दिसतं.

याच राज्याने २००१ मध्ये द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं. वाइनला उत्पादन शुल्कात सवलत मिळाली, नाशिक जिल्ह्यात विंचूरला वाइन पार्क उभं राहिलं. पुढे २७ जानेवारी २०२२ ला मंत्रिमंडळाने निर्णय घेतला की एक हजार चौरस फुटांपेक्षा मोठ्या किराणा सुपरमार्केटमध्ये वाइन विकता येईल. केवढा गदारोळ झाला होता ते आठवत असेल. अण्णा हजारेंनी उपोषणाचा इशारा दिला, विरोधकांनी टीका केली, आणि समर्थनासाठी दोन वाक्यं पुढे आली: वाइन म्हणजे दारू नव्हे, आणि यात शेतकऱ्याचं भलं आहे. शेवटी तो निर्णय प्रत्यक्षात आला नाही.

दोन्ही वाक्यं तपासून बघण्यासारखी आहेत. वाइनमध्ये साधारण १२ ते १४ टक्के अल्कोहोल असतं, नेहमीच्या बीअरपेक्षा दुपटीहून जास्त. व्हिस्कीपेक्षा कमी, पण म्हणून ती सरबत होत नाही. शेतकऱ्याचं म्हणाल, तर नाशिकची बहुतेक द्राक्षं खाण्यासाठी, निर्यातीसाठी आणि बेदाण्यासाठी जातात. वाइनसाठी लावायच्या जाती वेगळ्या, लहान मण्यांच्या, जाड सालीच्या, बिया असलेल्या. त्यांचा वाटा फार छोटा आहे. शिवाय ही द्राक्षं बाजारात नेऊन किलोवर विकता येत नाहीत. २००८ च्या मंदीनंतर वाइनरींची खरेदी अडखळली तेव्हा अनेक शेतकऱ्यांवर वेली उपटायची वेळ आली होती. शेतकऱ्याला फायदा होतो, होऊ शकतो. पण तो वाइनच्या नावाला नैतिकतेचं प्रमाणपत्र म्हणून वापरायला फार पातळ आहे.

*

आता आमचा रस्ता बघा. नागपूर सोडून गाडीने नीट वेग घेतला की वर्धा जिल्हा लागतो. सेलू, आर्वीच्या बाजूने समृद्धी जाते. १९३६ मध्ये गांधीजी सेवाग्रामला राहायला आले, पवनारला विनोबांचा आश्रम. त्या मानाखातर १९७४ पासून वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे. म्हणजे आम्ही नाशिकला जाताना दारूबंदीचा एक जिल्हा ओलांडून जाणार आणि येताना पुन्हा ओलांडणार. नाशिकच्या काउंटरवर बिलासकट घेतलेली बाटली आर्वीच्या हद्दीत शिरली की मिरवायची वस्तू राहत नाही. बाटली तीच, द्राक्ष तेच, फक्त फास्टॅगवर एक टोल जास्त कापला गेलेला.

याच नागपूरहून नाशिकच्या उलट दिशेला, गडचिरोली-गोंदियाकडे निघालं तर मोहाचं झाड भेटतं. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे अंधारात माणसं टोपल्या घेऊन झाडाखाली जातात आणि रात्रभर गळलेली फुलं वेचतात. ती वाळवतात, खातात, विकतात, आणि आंबवून गाळतात. गोंड, माडिया घरांमध्ये जन्मापासून मरणापर्यंतच्या विधींत मोहाची दारू असते, देवाला आधी तिचे थेंब मिळतात. ज्याला इंग्रजी वाइनवाले अभिमानाने 'तेर्वार' म्हणतात, म्हणजे त्या मातीची, हवेची, झाडाची चव, ती मोहाइतकी दुसऱ्या कशात असेल? नाशिकची वेल युरोपातून आणून रुजवली. मोह इथलाच.

तरी शब्द बघा. नाशिकची ती वाइन, गडचिरोलीची ती हातभट्टी. तिथे 'टेस्टिंग रूम', इथे 'अड्डा'. तिथे गेलेला 'गेस्ट', इथे सापडलेला 'आरोपी'. १८९२ मध्ये मुंबई इलाख्याच्या इंग्रज सरकारने खास मोहासाठी कायदा केला होता. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत मोहफुलं गोळा करून साठवण्यावरच बंधनं आणली. गोरगरिबांचं ते खाणंही होतं, याची फिकीर नव्हती. सरकारी दारूचा महसूल बुडू नये ही होती. आपल्या राज्याने मोहफुलं गोळा करण्यावरचे, वाहून नेण्यावरचे निर्बंध उठवले ते २०२१ मध्ये. द्राक्ष धोरणानंतर तब्बल वीस वर्षांनी.

मध्य प्रदेशने मोहाच्या दारूला अलीकडेच 'हेरिटेज' म्हणून मान्यता दिली. आदिवासी बचत गटांनी ती बनवायची, बाटलीत भरून विकायची. ज्या जिल्ह्यांत हे सुरू झालं त्यांतला एक आहे दिंडोरी. नाशिकचं दिंडोरी नव्हे, तिकडचं, गोंड आणि बैगांचं. एका दिंडोरीत फ्रेंच नावांची द्राक्षं, दुसऱ्या दिंडोरीत मोह. हा योगायोग मला मॅपवर दिसला तेव्हा वाटलं, इथेच लेख संपवावा. निष्कर्ष तयार होता: सगळा फरक प्रतिष्ठेचा आहे, पिणाऱ्याच्या बुटांचा आहे, तेव्हा सगळ्यांना सारखं मोकळं सोडा.

पण हा निष्कर्ष फार स्वस्तात मिळाला होता. आणि आमच्या विदर्भातच त्याला उत्तर आहे.

*

गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. ती गांधीजींच्या स्मृतीसाठी आली नाही. १९८०च्या दशकाच्या अखेरीस तिथे गावोगाव चळवळ उभी राहिली. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्यासारखे कार्यकर्ते त्यात होते आणि सगळ्यात पुढे गावातल्या बाया होत्या. चंद्रपूरच्या बायाही अशाच उठल्या. २०१० च्या डिसेंबरात त्या चिमूरहून पायी चालत नागपूरच्या हिवाळी अधिवेशनावर आल्या. २०१५ च्या एप्रिलमध्ये चंद्रपुरात बंदी आली आणि २०२१ मध्ये ती उठली. अवैध दारू वाढली, बनावट दारू वाढली, महसूल बुडाला, अशी कारणं दिली गेली.

बंदी यशस्वी होते का, हा वेगळा वाद आहे आणि तो आकड्यांनी लढायला हवा. मला इथे अडवतो तो दुसरा मुद्दा. या बायांना कुणी 'संस्कृती समजत नाही' असं म्हणू शकत नाही. त्यांच्यापैकी कित्येकींच्या घरात मोह होताच, सणाला होता, देवाला होता. त्यांचं म्हणणं दारू पाप आहे असं नव्हतं. त्यांचं म्हणणं हिशोबाचं होतं. आठवड्याची मजुरी शनिवारी रात्री संपते. पोराची फी राहते. मार मी खाते. पितो तो, मोजते मी.

तत्त्वज्ञानात रस असलेल्यांना जॉन स्टुअर्ट मिलचं 'ऑन लिबर्टी' ठाऊक असेल. १८५९ चं पुस्तक आहे आणि त्यात दारूबंदीवर सविस्तर चर्चा आहे. मिल बंदीच्या विरोधात होता. त्याचा युक्तिवाद थोडक्यात असा: माणूस पिऊन घरादाराची जबाबदारी टाळत असेल तर त्याला शिक्षा जरूर करा, पण ती जबाबदारी टाळल्याबद्दल करा, पिण्याबद्दल नको. स्वतःचंच नुकसान करणाऱ्याला समाजाने समजवावं, पण जबरदस्तीने थांबवू नये.

कागदावर हे अगदी स्वच्छ आहे. मला कोड वाचताना आवडतं तसं, प्रत्येक फंक्शनचं काम वेगळं. पण यात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. जबाबदारी टाळल्याबद्दल शिक्षा व्हायची तर कुणीतरी तक्रार करायला हवी, ती ऐकली जायला हवी, आणि तक्रार करणारी बाई रात्री पुन्हा त्याच घरात झोपायला जाणार आहे हे कुणीतरी लक्षात ठेवायला हवं. धानोऱ्याच्या किंवा एटापल्लीच्या एखाद्या गावातल्या बाईच्या हाताला कोर्ट लागत नव्हतं. हाताला लागत होतं ते दुकान. म्हणून तिने दुकान बंद करायला सांगितलं. मिलचं तत्त्व चुकलं असं मी म्हणणार नाही. पण ते ज्या जगात चालतं त्या जगात ती राहत नव्हती.

*

याच हिशोबातून महाराष्ट्राने एक विलक्षण गोष्ट तयार केली आहे, जिच्याबद्दल शहरात आपण फारसं बोलत नाही. गावातल्या बायांनी मागणी केली तर दारूच्या दुकानावर गुप्त मतदान घेता येतं. मतपत्रिकेवर दोन चित्रं असतात. उभी बाटली म्हणजे दुकान चालू राहू दे, आडवी बाटली म्हणजे बंद करा. मतदान फक्त बायांचं असंही होऊ शकतं, आणि एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी आडव्या बाटलीला कौल दिला तर दुकान बंद होतं.

यातल्या दोन गोष्टींवर मी बराच विचार केला.

पहिली, मतदान कुणाचं? पिणाऱ्यांचं नाही. गावाबाहेरच्या सज्जनांचंही नाही. जिला किंमत मोजावी लागते तिचं. एरवी नैतिक वादांत आपण विचारतो की ही गोष्ट चांगली की वाईट. ही मतपत्रिका वेगळं विचारते: या गोष्टीचं बिल कुणाच्या नावाने फाटतं? ज्याच्या नावाने फाटतं त्याला विचारा.

दुसरी गोष्ट जास्त टोचणारी आहे. हिशोब एकूण मतदारांवर होतो, आलेल्यांवर नाही. म्हणजे जी मतदानाला आलीच नाही, घाबरली, मजुरीला गेली, तिचं मत आपोआप उभ्या बाटलीला. गप्प राहणारा माणूस नेहमी चालू असलेल्या गोष्टीच्या बाजूने मोजला जातो. आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवरही हेच होतं. ज्याने काही लिहिलं नाही त्याचा होकार धरलेला असतो.

या तत्त्वावर एक आक्षेप येतो आणि तो गंभीर आहे. उद्या शेजारचे काकाजी म्हणतील, तुम्ही पिता याचा मला मानसिक त्रास होतो, मलाही मत द्या. कुणी म्हणेल आमच्या भावना दुखावतात. मग सगळ्या गल्लीलाच नकाराधिकार मिळेल आणि आपण पुन्हा 'लोक काय म्हणतील'पाशी येऊ. म्हणून किंमत म्हणजे काय हे नेमकं ठरवावं लागेल. नापसंती ही किंमत नव्हे. माझ्या कृतीमुळे दुसऱ्याचा पैसा, झोप, श्रम, शरीर किंवा सुरक्षितता यांतलं काही प्रत्यक्ष खर्च होत असेल तर ती किंमत. आणि जेवढा खर्च तेवढंच मत. जिचं अंग सुजतं तिला पूर्ण नकाराधिकार. ज्याची फक्त झोप उडते त्याला निदान खरं कळण्याचा अधिकार. ज्याला फक्त आवडत नाही त्याला आपलं मत सांगण्याचा अधिकार आहेच, पण आपण ते मानलंच पाहिजे असं नाही.

या मापाने वर्ध्याची बंदी आणि गडचिरोलीची बंदी एकसारख्या राहत नाहीत. एक एका थोर माणसाचा मान राखते, दुसरी बिल भरणाऱ्यांच्या मागणीतून आली. मोहाचा प्रश्नही थोडा सुटतो. १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांना मादक पदार्थांची विक्री आणि सेवन नियंत्रित करण्याचा अधिकार दिला आहे. देवाला किती, पाहुण्याला किती, विकायला किती, हे त्या ग्रामसभेने ठरवावं, आणि त्या सभेत बाया बोलल्या पाहिजेत. मंत्रालयाने ठरवायचं नाही आणि रोमँटिक लेख लिहिणाऱ्या माझ्यासारख्यानेही नाही.

*

मग मी हेच माप आमच्या स्प्रेडशीटला लावलं. एक नवा कॉलम टाकला: कुणाच्या खर्चाने?

आमच्यातला एक जण पीत नाही. त्याचं घर बौद्ध, आजीने १९५६ मध्ये दीक्षाभूमीवर धम्मदीक्षा घेतलेली. बाबासाहेबांनी तेव्हा दिलेल्या २२ प्रतिज्ञांमध्ये दारू न पिण्याचीही एक आहे. त्याच्या बाबतीत ही बंदी कुणी लादलेली नाही, ती त्याने स्वतःवर घातलेली आहे. राज्याची बंदी आणि माणसाची प्रतिज्ञा यांतला फरक मला त्याच्यामुळे कळला. बंदी दुसऱ्याला सांगते, प्रतिज्ञा स्वतःला. आणि स्प्रेडशीटमध्ये 'ड्रायव्हर' या रकान्यात तिन्ही दिवस त्याचंच नाव होतं. कुणी विचारलं नव्हतं. तो पीत नाही म्हणजे गाडी तोच चालवणार, हे सगळ्यांनी धरलेलं होतं.

मी त्याला फोन केला. तो आधी हसला, मग म्हणाला, "पाह्य, मला बाग पाहायची आहे, द्राक्षं खायची आहेत, तुमच्यासोबत बसायचं आहे. मी येतो. पण ड्रायव्हर म्हणून नाही येत."

हे त्याने ग्रुपवर लिहिलं नव्हतं. त्याचं मत उभ्या बाटलीत पडून होतं.

त्याच्या प्रतिज्ञेला आमच्या मौजेची सोय बनवणं हे वाइनपेक्षा मला जास्त आक्षेपार्ह वाटतं. तो नियम पाळतो म्हणून त्याच्यावर जास्त काम टाकायचं, हे ऑफिसातही होतं. जो रजा घेत नाही त्याच्याच गळ्यात शनिवारचं सपोर्ट पडतं. चांगुलपणाला आपण फुकट मिळणारी सुविधा समजतो.

म्हणून प्लॅन बदलला. समृद्धीवर गाडी आळीपाळीने चालवायची, दिवसाच, आणि त्या दिवशी कुणीही थेंबही घ्यायचा नाही. तो रस्ता सरळ आहे, वेगमर्यादा ताशी १२० ची, आणि चालवणाऱ्याची शुद्ध किती महत्त्वाची ते नागपूरकरांना सांगायला नको. १ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर सिंदखेडराजाजवळ बस पेटून २५ जण गेले, ती बस नागपूरहून पुण्याला निघालेली होती. कायद्यात रक्ताच्या १०० मिलिलिटरमागे ३० मिलिग्रॅम अल्कोहोल ही मर्यादा आहे. 'दोन घोट चाखले, चालतं' याचा हिशोब पार्किंगमध्ये उभं राहून कुणालाच करता येत नाही. त्यामुळे नाशिकमध्ये बागांच्या दिवसासाठी तिथलीच गाडी आणि चालक ठरवायचा.

मग तो चालकही कॉलममध्ये आला. आम्ही चार तास आत बसणार, तो बाहेर उन्हात. त्याचं जेवण, त्याच्या थांबण्याचे पैसे, संध्याकाळी किती वाजता तो घरी जाणार, हे आधी बोलून घ्यायचं. पाच जणांत वाटलं तर हा खर्च एका ग्लासच्या किमतीच्या आसपास येतो. तेवढा करायचा नसेल तर तो ग्लास आपल्या खिशातून आलेला नाही, त्याच्या दिवसातून आलेला आहे.

परतीच्या बाटल्या रद्द केल्या. जिथे प्यायची तिथे प्यायची, वर्ध्यातून लपवून आणायची नाही. वर्ध्याच्या बंदीबद्दल माझे प्रश्न आहेत, ते मी वर लिहिलेच. पण प्रश्न असणं आणि डिकीत कपड्यांखाली बाटली दडवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लपवलं की प्रश्न विचारायचा हक्कही त्या कपड्यांखाली जातो.

*

राहिली ती पहिली ओळ. घरी काय सांगायचं?

शिर्डी-त्र्यंबकेश्वर सांगण्यात देवाचा अपमान होतो असं मला वाटत नाही. देव तेवढा हळवा नसावा. अडचण वेगळी आहे. आम्ही समृद्धीवर असताना आई जागी असते. गाडी जालन्याला पोचली का, शिर्डी आली का, हे ती लोकेशनवर बघत बसते. तिची झोप खर्च होते. म्हणजे माझ्याच मापाने तिला नकाराधिकार नसला, मी सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचा कमावता माणूस असलो, तरी खरं कळण्याचा अधिकार आहे. खोटं बोलून मी तिचं मत मोजायचंच टाळतो. तिला देवदर्शनाची काळजी करायला लावतो आणि खरी काळजी माझ्याजवळ ठेवतो.

आणि 'वाइन' हा शब्द पुढे करून 'दारू' हा मागे लपवणं, हेही तेच. म्हणून मी दोन्ही शब्द वापरायचं ठरवलं.

जेवताना सांगितलं. "आई, फेब्रुवारीत नाशिकला चाललो आम्ही पाच जण. वाइनच्या बागा पाहायच्या आहेत. थोडी पिणार पण आहोत. म्हणजे दारूच ती, पण थोडी."

बाबांनी ताटातून मान वर केली आणि पुन्हा खाली घातली. आई थोडा वेळ गप्प होती. ती रागावेल, संस्कार काढेल, काकाजींच्या घरचं उदाहरण देईल, अशी माझी तयारी होती. तिने विचारलं ते एवढंच:

"गाडी कोण चालवणार आहे?"

मी सगळं सांगितलं. आळीपाळी, दिवसा, नाशिकला तिथला चालक. तिने तो मित्र येतो आहे का, हेही विचारलं, आणि तो गाडी चालवणार नाही म्हटल्यावर "बरं केलं, त्यालाच काऊन राबवता" असं म्हणाली. तिला ही ट्रिप आवडलेली नाही, हे तिच्या पोळी वाढण्यावरून कळत होतं. ते तिने दुसऱ्या दिवशी बोलूनही दाखवलं. मी ऐकून घेतलं. उत्तर दिलं नाही, कारण ते तिचं मत होतं आणि ते मिळवण्यासाठीच तर सांगितलं होतं.

बाबा त्या दिवशी काही बोलले नाहीत. दोन दिवसांनी सकाळी पेपर वाचता वाचता म्हणाले, "शिर्डी रस्त्यातच आहे ना? मग जाऊन या तिथेही. मावशीने विचारलं तर निदान अर्धं तरी खरं सांगता येईल आम्हाला."

मावशीला काय सांगायचं ते त्यांचं ते ठरवतील. आम्ही शिर्डीचा थांबा प्लॅनमध्ये टाकला आहे.